बाळंतपण संपलं, तपासणी संपली

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन येतो. त्या दिवशी दवाखान्यांच्या भिंतींवर पोस्टर लागतात, वर्तमानपत्रांत डॉक्टरांचे लेख छापून येतात, कॉलेजांत भाषणं होतात. मजकूर सगळीकडे साधारण एकच असतो. पक्षाघात टाळायचा असेल तर जीवनशैली बदला. रोज अर्धा तास चाला. मीठ कमी करा. फळं-भाज्या भरपूर खा. व्यसनं सोडा. ताण घेऊ नका.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गावांत बायांच्या बैठका घेत मी बरीच वर्षं हिंडते आहे. कापूस वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणाऱ्या, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायांपुढे हा उपदेश होताना मी अनेकदा ऐकला आहे. "ताण घेऊ नका" म्हटलं की बाया एकमेकींकडे पाहून हसतात. एकीनं तर पाहुण्या डॉक्टरांना सरळ सांगितलं, "साहेब, ताण का आमी बजारातून घेऊन येतो काय? तो घरीच येऊन बसते ना!"

त्या हसण्यात जे आहे तेच मला इथे मांडायचं आहे. पोस्टरवरची यादी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. यादी खरी आहे. पण तिला 'जीवनशैली' असं नाव दिलं की सगळा दोष बाईच्या पदरात पडतो आणि सरकार, मालक, घरधनी सगळे मोकळे होतात. शिवाय त्या यादीतलं सर्वांत मोठं कारण आहे वाढलेला रक्तदाब, आणि तो आपल्याला आहे हेच बाईला कळत नाही. कारण आपल्याकडे बाईच्या दंडाला पट्टा बांधला जातो तो ती पोटुशी असेल तेवढ्यापुरता. बाळंतपण संपलं की तपासणी संपली. पक्षाघाताच्या कारणांत मी हे कारण पहिलं धरते.

लकवा कशानं येतो?

वऱ्हाडात कोणी लकवा म्हणतं, कोणी 'अंगावरून वारं गेलं' म्हणतं. वाऱ्याचा यात काही संबंध नाही. करणी, नजर, बाहेरची बाधा यांचाही नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकते किंवा ती नळी फुटते. मेंदूचा तेवढा भाग मरतो आणि त्याच्या ताब्यातला हात, पाय, जीभ लुळी पडते. कबुतराचं रक्त चोळून किंवा कोण्या गावच्या बाबाचं औषध नाकात सोडून तो भाग जिवंत होत नाही. त्यात जातो तो फक्त वेळ.

कारणांचा मोठा तपास 'इंटरस्ट्रोक' नावाच्या अभ्यासात झाला. भारतासह ३२ देशांतल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात घेतली आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. जगभरातल्या सुमारे ९० टक्के पक्षाघातांचा धोका दहा गोष्टींशी बांधलेला निघाला. वाढलेला रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, हालचालीचा अभाव, निकस आहार, पोटाचा घेर, दारू, मानसिक-सामाजिक ताण, हृदयाचे आजार आणि रक्तातली चरबी, या त्या दहा गोष्टी. दहाही बदलता येण्यासारख्या आहेत. म्हणजे लकवा हा नशिबाचा भाग नाही.

या दहांपैकी एकट्या रक्तदाबाचा वाटा जवळपास निम्मा आहे. आणि हाच आजार असा आहे की तो दुखत नाही. वर्षानुवर्षं अंगात राहतो आणि बहुतेक बायांना त्याची खूण जाणवत नाही. कधी डोकं जड होतं, पण बाई म्हणते, "डोकं दुखलं का एक गोळी घेतो अन् कामाले जातो." दंडाला पट्टा बांधून मोजल्याशिवाय हा आजार ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही. मोजायला दोन मिनिटं लागतात. आणि त्यावरची अम्लोडिपिनची साधी गोळी औषधांच्या दुकानातल्या स्वस्तातल्या स्वस्त गोळ्यांपैकी आहे.

आता देशाचा आकडा पाहा. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या २१ टक्के बायांना आणि २४ टक्के पुरुषांना उच्च रक्तदाब निघाला. म्हणजे दर पाच बायांमागे एक. त्याच सर्वेक्षणात तंबाखू वापरणारे पुरुष ३८ टक्के आणि बाया ९ टक्के होत्या. दारू पिणारे पुरुष १९ टक्के आणि बाया एक टक्का. हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. व्यसनांत पुरुष चौपटीनं, त्याहूनही कितीतरी पटींनी पुढे, आणि रक्तदाबात बाया फक्त तीन पावलं मागे! व्यसन हेच रक्तदाबाचं सगळं कारण असतं तर असं दिसलं नसतं. बाईच्या रक्तदाबाची कारणं दुसरीकडेही शोधावी लागतील. ती शोधायची तर बाईच्या घरात, शेतात आणि पाण्याच्या हंड्यात पाहावं लागेल.

बेचाळीस दिवसांची काळजी

बाई गरोदर राहिली की सरकार तिच्या दारी येतं. आशा येते, कार्ड भरते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तिची तपासणी होते. वजन, रक्त, लघवी, बीपी सगळं पाहिलं जातं. हे आपण भांडून मिळवलेलं आहे आणि ते चांगलंच आहे. त्यात खोट काढायची नाही. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवस आशा घरी येत राहते. तिचं लक्ष मुख्यतः बाळाकडे असतं, तरी ती येते. बेचाळिसाव्या दिवसानंतर मात्र ती बाई सरकारच्या लेखी संपते. पुढचं गरोदरपण आलं तर पुन्हा पट्टा. ऑपरेशन झालं असेल तर तेही नाही.

यात सर्वांत मोठा अन्याय कोणावर होतो ते सांगते. गरोदरपणी जिचा बीपी वाढतो, पाय-तोंड सुजतात, क्वचित झटके येतात, तिचा धोका बाळ झाल्यावर संपत नाही. पुढच्या आयुष्यात तिला पक्षाघात होण्याची शक्यता इतर बायांच्या सुमारे दुप्पट असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पक्कं झालं आहे. तिला दर वर्षी बोलावून तपासायला हवं. पण बाळंत होऊन घरी जाताना तिला हे कोणी सांगतं का? बैठकीत मी विचारते, "गरोदरपणी कोणाकोणाचा बीपी वाढला होता?" हात वर होतात. मग विचारते, "त्यानंतर कितीजणींनी मोजला?" हात खाली येतात.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि कर्करोगासाठी तपासणी करण्याचा कार्यक्रम आता देशभर आहे. त्यासाठी आशा घरोघर एक कागद भरून घेते. धोका किती हे ठरवायला त्यात सहा प्रश्नांना गुण आहेत. वय, तंबाखू, रोजची दारू, कमरेचा घेर, आठवड्याला दीडशे मिनिटं शारीरिक हालचाल आणि घरातल्यांचे आजार. दिवसभर वाकून कापूस वेचून आलेल्या बाईला हा कागद विचारतो, बाई, तुम्ही हालचाल करता का? आणि 'गरोदरपणी तुमचा बीपी वाढला होता का?' हा प्रश्न गुणांच्या यादीत नाही. ज्यानं कोणी ही यादी केली त्याच्या डोळ्यांपुढे माणूस म्हणून पुरुष होता. बाई नंतर आठवली असावी, आणि तीही गर्भाशयाच्या मुखापुरती आणि स्तनांपुरती.

मोहिमा निघत नाहीत असं नाही. २०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्र सरकारनं अठरा वर्षांवरच्या बायांच्या तपासणीची मोहीम काढली. नाव काय? 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित'. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारनं काढली, 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार'. नावंच पुरेशी बोलकी आहेत. बाई जगावी कशासाठी, तर घर नीट राहावं म्हणून. जिला मूल नाही, जी एकटी आहे, टाकलेली आहे, विधवा आहे, तिचं काय? आणि मोहिमेत जिचा बीपी वाढलेला निघाला तिला पुढच्या महिन्यात गोळी कोणी दिली? मी जाते त्या गावांत बाया सांगतात, "मोजला होता, जास्त हाय म्हणे." पुढे काही नाही. मोजून सोडून देणं ही तपासणी नव्हे, ती फक्त नोंद झाली.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये जगाला दाखवलं की ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग आहे, आणि त्यांतल्या जेमतेम आठ टक्के बायांची आधी कधी तशी तपासणी झाली होती. बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण नव्हे, हे तेव्हापासून आपण सगळ्याजणी सांगत आलो. स्त्रीरोगांबद्दल थोडं तरी ऐकलं गेलं. बाईला हृदय आहे, मेंदू आहे, रक्तवाहिन्या आहेत, हे मात्र अजून सांगावंच लागतं.

ही शैली कोणी निवडली?

आता पोस्टरवरचे उपदेश एकेक करून पाहू.

मीठ कमी खा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर. बरोबर आहे. पण घरातले पुरुष आणि पोरं जेवून उठल्यावर भांड्यात भाजी उरत नाही, तेव्हा बाई भाकरीबरोबर काय खाते? ठेचा, लोणचं, नाहीतर मीठ-मिरची. गरीब बाईच्या ताटात मीठ हीच भाजी आहे. तिला मीठ कमी कर म्हणायचं असेल तर आधी तिच्या ताटात भाजी पडली पाहिजे. फळांमधलं पोटॅशियम रक्तदाब आटोक्यात ठेवायला मदत करतं. आमच्या वरूड-मोर्शीच्या बागांतली संत्री ट्रक भरभरून देशभर जातात. ती तोडणाऱ्या, निवडणाऱ्या बायांच्या घरी किती जातात ते त्यांनाच विचारा.

चाला, व्यायाम करा. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला २८९ मिनिटं बिनमोल घरकामात घालवताना दिसल्या, आणि पुरुष ८८ मिनिटं. बाईकडे कमी आहे ती विश्रांती. शहरातल्या, दिवसभर शिलाई मशीनवर किंवा दुकानात बसून काम करणाऱ्या बायांना चालण्याची गरज नक्की आहे. पण त्या पहाटे रस्त्यावर एकट्या चालायला निघाल्या तर त्यांच्याकडे कसं पाहिलं जातं, हेही बोलू या.

तंबाखू सोडा. जरूर सोडली पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या १४ टक्के बाया तंबाखू वापरताना आढळल्या आणि त्यांतल्या बहुतेक जणी ती खाणाऱ्या किंवा दातांना लावणाऱ्या होत्या. धूर निघत नाही म्हणून ती निरुपद्रवी नाही. तोंडाच्या कर्करोगाबरोबर पक्षाघातानं मरण्याचा धोकाही तिनं वाढतो. पण बाया तंबाखू का खातात? भूक मारायला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. मध्ये उठून जेवायला बसलं तर तेवढे पैसे गेले. चिमूटभर तंबाखू दाढेत धरली की दुपार निघते. तंबाखूविरोधाचं भाषण करणाऱ्यानं त्याच दमात मजुरीचा दरही बोलावा.

चुलीचा धूर तर पोस्टरवर नसतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं घरातल्या धुरानं जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं मरतात आणि त्यांतल्या २३ टक्के मृत्यूंचं कारण पक्षाघात असतं. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरात आले. पण भरलेलं सिलिंडर परवडत नाही म्हणून पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीत आजही जळतात. त्या धुरात तासन् तास बसणारी व्यक्ती घरातली बाईच असते.

आणि ताण. तो तर इंटरस्ट्रोकच्या दहा कारणांत नाव घेऊन आहे. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता. पॅकेजमध्ये व्याजमाफी होती, सिंचन होतं, बियाणं होतं. मागे राहिलेल्या बाईच्या जिवाचा हिशेब त्यात बसणारा नव्हता. सावकार तिच्याच दारात येतो. सात-बारावर नाव लावायला दीर-सासरे तिलाच अडवतात. पोरीचं लग्न तिलाच करायचं असतं. रात्र रात्र झोप नाही. तिला 'आनंदी राहा' म्हणणाऱ्याची मला लाज वाटते.

खाऱ्या पाण्याच्या गावांत

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर भागातल्या बायांना तो काय आहे हे सांगायला नको. विहिरीचं, बोअरचं पाणी खारट, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळाचं पाणी आलं तर ठीक, नाही आलं तर तेच प्यायचं. किडनीच्या आजारांची ओरड या पट्ट्यात किती जुनी आहे!

बांगलादेशच्या किनाऱ्यावर दाकोप भागातही पाणी असंच खारं आहे. तिथे २०११ आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत पिण्याच्या पाण्यातल्या मिठाचा आणि गरोदर बायांच्या वाढलेल्या रक्तदाबाचा संबंध दिसून आला. त्यांचा खारेपणा समुद्राचा, आपला जमिनीतला. क्षारांची जातकुळी गावागावाला वेगळी असेल, म्हणून तिथला निष्कर्ष जसाच्या तसा इथे चिकटवू नये. पण प्रश्न तर विचारायला हवा! २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून 'पोकरा' प्रकल्प आला. त्यात खारपाणपट्ट्यातली ९०० हून अधिक गावं घेतली. शेततळी झाली, तुषार संच आले, पिकांच्या जाती सांगितल्या गेल्या. जमिनीचा क्षार पिकाला किती बाधतो याची चिंता सरकारला आहे. तेच पाणी पिणाऱ्या बाईला तो किती बाधतो याची चिंताही त्याच गावांत, त्याच वेळी व्हायला हवी होती.

गोळी, सण आणि बाळंतिणीचं पाणी

तरण्या बायांनाही लकवा होतो. त्याची काही कारणं फक्त बायांच्याच वाट्याची आहेत आणि त्यांवर चारचौघांत बोललं जात नाही.

पाळणा लांबवण्याच्या रोज घ्यायच्या गोळ्या अनेकींना सोयीच्या आहेत आणि तो आपला हक्क आहे. पण ज्या गोळ्यांत दोन हार्मोन असतात, त्या बीपी वाढलेल्या बाईनं घेऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे, कारण त्यानं पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणजे गोळीचं पाकीट हातात देण्याआधी दंडाला पट्टा बांधलाच पाहिजे. दुकानातून पाकीट आणताना कोण बांधतं?

दुसरी गोळी पाळी पुढे ढकलण्याची. महालक्ष्म्या बसल्या, घरात लग्न आहे, तीर्थाला जायचं आहे, की सासू किंवा आई दुकानातून ती मागवते. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. या गोळ्यांनी काही बायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पूर्वी गुठळी झालेली असेल, वजन फार असेल किंवा तंबाखू असेल तर जास्तच. पाळी विटाळ मानली नसती तर या गोळीची गरजच काय होती? सोवळ्यासाठी पोरीचा मेंदू पणाला लावायचा का, हे प्रत्येक घरानं स्वतःला विचारावं.

तिसरी गोष्ट बाळंतिणीची. पाणी दिलं तर पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, म्हणून तिला घोट घोट पाणी देण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त मुळातच लवकर गोठतं. त्यात अंगातलं पाणी आटलं की मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. डोकं फुटल्यासारखं दुखतं, झटके येतात, हातपाय लुळे पडतात. मदुराई, बंगलोरच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकापासून अशा बाळंतिणींवर लिहिलं आहे. अकोल्याचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पारा पंचेचाळीसच्या वर, पत्र्याची खोली, शेक-शेगडी, आणि वर पाणी बंद! ही माया नव्हे. बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी द्या आणि तिचे झटके म्हणजे बाहेरची बाधा समजू नका.

पडल्यावर कोण उचलतं?

गडचिरोली वऱ्हाडात येत नाही, पण विदर्भातलीच आहे. 'सर्च' संस्थेच्या डॉक्टरांनी तिथल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांत प्रत्येक मृत्यूचा माग काढला. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे निघाले, म्हणजे १४.३ टक्के. कोणत्याही एका आजाराचा तेवढा वाटा नव्हता. आणि पक्षाघातानं गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसं घरातच गेली. खेड्यातला माणूस तापानं, हगवणीनं मरतो, या समजाला त्यानं धक्का दिला.

गुठळीमुळे आलेल्या पक्षाघातावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. पण ते साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि देण्याआधी सीटी स्कॅन करून नळी फुटलेली नाही याची खात्री करावी लागते. धारणीच्या बाईला मेळघाटचा घाट उतरून अमरावती गाठायलाच त्यातले बहुतेक तास जातात. त्यात घरी कोण निर्णय घेणार, पैसे कोणाकडे मागायचे, शेतातून नवरा कधी येणार, याचे तास वेगळे. पुरुष पडला की गाडी लवकर मिळते आणि बाई पडली की "थोडं पडू दे, बरं वाटंल" म्हणतात. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की त्याला अपवाद म्हणणं शक्य नाही.

त्यानंतरचं तर सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याला लकवा झाला तर बायको त्याचं हगणं-मुतणं काढते, भरवते, मालिश करते आणि मजुरीलाही जाते. बायकोला लकवा झाला तर मोठ्या मुलीची शाळा सुटते, नाहीतर तिला माहेरी पोचवलं जातं. एका बाईच्या मोजल्या न गेलेल्या बीपीची किंमत तिची मुलगी भरते.

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आज ती महात्मा फुल्यांच्या नावानं चालते. अशा योजनांमध्ये आजारी पडून भरती झाल्यावर पैसा आहे. तो हवाच. पण आजारी पडू नये म्हणून लागणारी साधी गोळी केंद्रात गेल्यावर "संपली, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकावं लागत असेल, तर या हिशेबाला शहाणपण कसं म्हणायचं?

'बायाच दुर्लक्ष करतात'

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. सोयी आहेत, बायाच येत नाहीत, गोळ्या मध्येच सोडतात. खरं आहे, सोडतात. पण आरोग्य केंद्राची वेळ आणि मजुरीची वेळ एकच आहे. एका फेरीला एक रोज बुडतो, वर गाडीभाडं. मिळतात त्या थोड्या दिवसांच्या गोळ्या. आणि घरी कोणी म्हणतं, "तुले काय झालं? धडधाकट त हायेस." काहीच दुखत नसताना रोज स्वतःसाठी गोळी घ्यायला स्वतःच्या जिवाची किंमत आहे असं वाटावं लागतं. ते बाईला कोणी शिकवलं?

दुसरं उत्तर पैशाचं. तेही टिकत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशातल्या पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि आपल्या शेजारचा वर्धा हे जिल्हे त्यात होते. त्यात चमत्कार काहीच नव्हता. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, त्यांचा न तुटणारा साठा, गोळ्या गावाजवळ मिळण्याची सोय, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि जो आला नाही त्याला शोधून काढणं. एवढ्यावर सरकारी दवाखान्यांत लोकांचा बीपी आटोक्यात येऊ शकतो हे दिसून आलं. जे वर्ध्याला जमलं ते अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक उपकेंद्रात का जमू नये?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या.

१. गरोदरपणी बीपी वाढलेल्या प्रत्येक बाईची वेगळी नोंद राहावी आणि तिला दर वर्षी बोलावून तपासावं. आशाच्या कागदात हा प्रश्न गुणांसह यावा.

२. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईचा बीपी ती काम करते तिथे मोजला जावा. शेतावर, जिनिंगमध्ये, आठवडी बाजारात, आणि तिच्या सोयीच्या वेळी.

३. बीपीच्या गोळ्या उपकेंद्रात मिळाव्यात. ज्यांचा बीपी स्थिर आहे त्यांना एकदम तीन महिन्यांच्या द्याव्यात. हे काम आशावर फुकट लादू नये, तिला त्याचा मोबदला मिळावा.

४. पट्टा बांधल्याशिवाय दोन हार्मोनची गोळी कोणत्याही बाईला देऊ नये.

५. खारपाणपट्ट्यातल्या गावांत पिण्याच्या पाण्यातला क्षार आणि बायांचा रक्तदाब दोन्ही मोजून आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. गोड पाणी हा तिथला पहिला औषधोपचार समजावा.

६. सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कोणत्या सरकारी रुग्णालयात चोवीस तास मिळतं, याचा फलक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावा.

मागण्या मान्य होईपर्यंत आपण हात बांधून बसणार नाही. प्रत्येक बचत गटानं बीपीचं एक मशीन घ्यावं. पट्टा नीट कसा बांधायचा ते नर्सबाईंकडून शिकून घ्यावं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, तंबाखू आणि चहा अर्धा तास आधी थांबवावा. १४०-९० किंवा त्याहून जास्त आकडा दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी आला तर चौघींनी मिळून त्या बाईला केंद्रात न्यावं आणि गोळी हातात पडेपर्यंत तिथून उठू नये. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घरच्या कर्त्याची वाट न पाहता १०८ नंबर फिरवावा आणि लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी.

आणि पुढच्या २९ ऑक्टोबरला कोणी तुमच्या गावात जीवनशैलीवर भाषण करायला आलं तर त्यांना आदरानं बसवा, चहा द्या आणि एवढंच विचारा, "साहेब, मशीन आणलं काय? गोळ्या आणल्या काय?"